एंडर ३ : पार्ट्सच्या यादीत नसलेला पार्ट

क्रिॲलिटीचा एंडर ३ हा थ्रीडी प्रिंटर बाजारात आला २०१८ मध्ये. आज तो नवा घ्या असं फारसं कोणी सांगणार नाही, पण सेकंडहँडमध्ये तो सगळीकडे सापडतो. कॉलेजच्या लॅबमधून निघालेला, लॉकडाउनमध्ये हौसेनं घेऊन नंतर माळ्यावर गेलेला, बंद पडलेल्या वर्कशॉपमधला. विकणारा म्हणतो, "चालू कंडिशन आहे, फक्त नोझल बदला." घेणारा बेड (ज्यावर वस्तू छापली जाते ती तबकडी) सपाट आहे का, बेल्ट सैल झालाय का, चाकं झिजलीत का हे बघतो. ते बघायलाच हवं. पण या यंत्राची किंमत ज्यावर ठरावी तो पार्ट डोळ्यांना दिसत नाही. बोर्डावरच्या चिपमध्ये कुठलं फर्मवेअर (यंत्र चालवणारा आतला प्रोग्राम) आहे, हा तो पार्ट. हे परीक्षण मुख्यतः त्याचंच.

यांत्रिक भाग पटकन उरकू. २२० × २२० × २५० मिमीचं काम, २४ व्होल्टची पॉवर सप्लाय, ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजनची फ्रेम, बोडेन पद्धतीचा एक्स्ट्रूडर (फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, नळीतून पुढे ढकलणारा भाग), वितळलेलं प्लास्टिक सोडणारी ०.४ मिमीची नोझल. बाजारात आला तेव्हा अमेरिकेत साधारण दोनशे डॉलरला मिळणाऱ्या यंत्राच्या मानानं फ्रेम चांगलीच आहे; एकदा काटकोनात कसली की हलत नाही. एक्स्ट्रूडरचा प्लास्टिकचा आर्म तडकतो, आणि तडा खालच्या बाजूला असल्यानं दिसत नाही. फिलामेंट कमी पडायला लागलं की आधी तिथे बघा आणि ॲल्युमिनियमचा बसवा. बेडखालच्या मऊ स्प्रिंग काढून कडक पिवळ्या घाला. आणि पहिल्यांदा प्लग लावण्याआधी पॉवर सप्लायच्या बाजूचा सरकता स्विच २३० वर आहे का ते बघा. तो ११५ वर राहिला आणि आपल्याकडची लाइन दिली, तर सप्लाय तिथल्या तिथे उडतो.

आता बोर्ड. पहिल्या काही वर्षांच्या यंत्रांत मेल्झी जातीचा १.१.x बोर्ड येतो. त्यावरची चिप एटीमेगा१२८४पी: ८ बिट, १६ मेगाहर्ट्झ, १२८ केबी फ्लॅश, १६ केबी रॅम, ४ केबी ईईप्रॉम (सेटिंग्ज साठवायची जागा). शेजारी ए४९८८ जातीचे मोटर ड्रायव्हर थेट सोल्डर केलेले, आणि हीटर-बेडसाठी मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच. या प्रत्येक वस्तूला खरेदीच्या यादीत दर आहे. फर्मवेअरच्या रकान्यात शून्य. ते शून्य खरंही आहे, कारण आतलं फर्मवेअर म्हणजे मार्लिन, एरिक व्हॅन डर झाल्म यांनी २०११ मध्ये सुरू केलेला आणि जीपीएल लायसन्सखाली सगळ्यांना खुला असलेला प्रकल्प. कंपनीनं ते फुकट घेतलं यात काही गैर नाही, लायसन्सच तसं आहे. पण फुकट मिळालेली वस्तू नीट लावायला माणसाचे काही तास लागतात, आणि पहिल्या बॅचेसमध्ये नेमके तेच वाचवलेले दिसतात.

सगळ्यात महागात पडणारी बचत म्हणजे थर्मल रनअवे प्रोटेक्शन. जुन्या मार्लिनवरून केलेल्या सुरुवातीच्या कारखाना-फर्मवेअरमध्ये हे संरक्षण चालू नव्हतं. म्हणजे काय, ते हॉटएंडजवळ, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या भागाजवळ, जाऊन बघू.

नोझलच्या वरच्या ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात दोन गोष्टी बसतात. एक ४० वॉटचा हीटर. २४ व्होल्टवर तो सुमारे १.७ अँपिअर घेतो. दुसरा थर्मिस्टर, म्हणजे तापमान मोजणारा काचेचा बारीक मणी, २५ अंशांना १०० किलोओहम. हा मणी ठोकळ्यात एका बारक्या स्क्रूनं आणि वॉशरनं धरून ठेवलेला असतो. स्क्रू जास्त आवळला तर मणी फुटतो किंवा त्याच्या दोन तारा एकमेकींना चिकटतात. कमी आवळला तर काही महिन्यांच्या थरथरीनं मणी हळूहळू बाहेर सरकतो.

आता तीन वेगवेगळे बिघाड धरा. तार तुटली, तर सर्किट उघडं पडतं, फर्मवेअरला अशक्य इतकं थंड तापमान दिसतं आणि ते मिनटेंप म्हणून थांबतं. तारा चिकटल्या, तर अशक्य इतकं गरम दिसतं आणि ते मॅक्सटेंप म्हणून थांबतं. या दोन तपासण्या जुन्या फर्मवेअरमध्येही असतात, म्हणून लोकांना वाटतं संरक्षण आहे. तिसरा बिघाड म्हणजे मणी अख्खाच्या अख्खा बाहेर आला आणि हवेत लोंबतोय. तो शाबूत आहे, खोलीचं तापमान अगदी बरोबर सांगतोय: ३० अंश. फर्मवेअरला हवेत २००. मग ते हीटरला पूर्ण करंट देतं, आणखी देतं, देतच राहतं. मिनटेंपची मर्यादा ५, मॅक्सटेंपची २७५. ३० हा आकडा दोन्हींच्या मध्ये आरामात बसतो. इकडे ठोकळा तापतच जातो, आतली टेफ्लॉनची नळी २६० अंशांच्या पुढे खराब होऊन विषारी धूर सोडायला लागते, आणि त्यापुढे काय पेटेल ते आजूबाजूला काय ठेवलंय त्यावर.

मार्लिनमधलं संरक्षण हा तिसरा बिघाड दोन साध्या प्रश्नांनी पकडतं. पहिला: हीटर पूर्ण चालू असताना ठरावीक सेकंदांत तापमान निदान २ अंश तरी वाढलं का? आवृत्तीनुसार ही मुदत २० किंवा ४० सेकंद असते. दुसरा: ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर ते ४ अंशांहून जास्त खाली येऊन ४० सेकंद तिथेच राहिलं का? उत्तर चुकलं की हीटर बंद, मोटर बंद, स्क्रीनवर एरर, आणि रीसेट केल्याशिवाय पुढे काही नाही. एवढ्या कामासाठी लागतो थोडासा कोड आणि कॉन्फिगरेशनमधली एक उघडी ओळ. नवा स्पेअर पार्ट नाही, सेन्सर नाही, वायर नाही. नंतरच्या बॅचेसमध्ये कंपनीनं ते चालू केलं, पण सेकंडहँड घेताना बॅच कुठली हे कोण सांगणार?

म्हणून तपासणी स्वतः करा, पाच मिनिटांचं काम आहे. प्रिंटर बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. खालचं झाकण उघडा. त्याला पंखा जोडलेला असतो, हिसका देऊ नका. हॉटएंड हीटरच्या दोन वायरींपैकी एक टर्मिनलमधून सोडवून तिच्या टोकाला टेप गुंडाळा. पुन्हा चालू करून नोझलला २०० अंशांचा हुकूम द्या. हीटर जोडलेलाच नाही, त्यामुळे आकडा ३० च्या आसपासच राहणार. मिनिटभराच्या आत हीटिंग फेल झाल्याची एरर येऊन यंत्र थांबलं, तर संरक्षण आहे. दोन मिनिटं झाली आणि स्क्रीन अजून शांतपणे ३०/२०० दाखवतेय, तर नाही. पुन्हा प्लग काढा, वायर जागेवर बसवा, स्क्रू घट्ट करा.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण नवं फर्मवेअर टाकल्यावर लोक प्रिंटर रात्रभर एकटा सोडून झोपायला जातात. मॉस्फेट शॉर्ट झाला तर तो चालूच अडकतो, आणि मग फर्मवेअर ओरडेल पण हीटर बंद करू शकणार नाही. त्याला उपाय हार्डवेअरचाच. तसंच जुन्या यंत्रांत स्क्रू टर्मिनलमध्ये जाणाऱ्या वायरींच्या टोकांना सोल्डर चढवलेलं असतं. सोल्डर मऊ, स्क्रूच्या दाबानं पसरतं, पकड सैल होते, तिथे रोध वाढून उष्णता तयार होते आणि टर्मिनल काळं पडतं. बेडच्या वायरीवर हे हमखास. सोल्डर चढवलेलं टोक कापून टाका, नव्या टोकाला फेरूल (धातूची बारीक टोपी) क्रिंप करा. फर्मवेअरला यातलं काही कळत नाही.

तुलनेला प्रुसाचा एमके३ घेऊ. २०१७ मध्ये आला. तेव्हा किट ७४९ डॉलरला होतं, जोडून हवा असेल तर ९९९. म्हणजे एंडरच्या साडेतीन-चार पट आणि वर. गंमत अशी की त्याच्या आइन्सी बोर्डावरची चिपही ८ बिटच आहे, एटीमेगा२५६०, एंडरवरच्या चिपचीच बहीण. आणि त्याचं फर्मवेअरही मार्लिनवरूनच निघालेलं. मग फरक कशाचा? काही हार्डवेअरचा, अर्थातच: टीएमसी२१३० ड्रायव्हर, बेडचा सेन्सर, अस्सल हॉटएंड. पण बराचसा फरक त्या मार्लिनवर पगारी माणसं बसवून केलेल्या कामाचा. डोकं कुठे धडकलं की ड्रायव्हरकडून ओळखून पुन्हा होम करणं (मूळ जागा शोधणं), लाइट जाताक्षणी जागा नोंदवून ठेवणं, पहिल्यांदा चालू केल्यावर पायरी-पायरीनं सेटिंग करून घेणं, आणि विकल्यानंतर वर्षानुवर्षं अपडेट. एंडरमध्ये हे पैसे तुम्ही दिलेले नसतात. काम तेवढंच शिल्लक राहतं, फक्त करणारे तुम्ही.

ते किती आहे, ते आता बघू. बहुतेक जुन्या ८ बिट बोर्डांत कारखान्यातून बूटलोडरच, म्हणजे यूएसबीवरून फर्मवेअर आत घेणारा छोटा प्रोग्रामच, येत नाही. त्यामुळे यूएसबीची केबल लावली आणि नवं फर्मवेअर टाकलं असं होत नाही; आधी बूटलोडर घालावा लागतो. त्यासाठी एक अर्डुइनो ऊनो हा छोटा प्रोग्रामेबल बोर्ड (चार-पाचशेचा क्लोन चालतो) आणि सहा जंपर वायर.

ऊनोमध्ये आधी उदाहरणांतला अर्डुइनो-आयएसपी स्केच टाका. तो टाकून झाल्यावर, आधी नव्हे, ऊनोच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, धन टोक रीसेटकडे. तो नसेल तर प्रत्येक वेळी ऊनो स्वतःच रीसेट होतो आणि संगणक भलत्याशीच बोलत बसतो. प्रिंटरचा मेन प्लग काढा, यूएसबी काढा, एसडी कार्डही काढा, कारण कार्ड त्याच एसपीआयच्या (चिपांमधल्या संवादाच्या) ओळींवर बसलेलं असतं. मग बोर्डावरच्या सहा पिनांच्या हेडरला जोडणी करा: ऊनोची १३ नंबरची पिन एससीकेला, १२ एमआयएसओला, ११ एमओएसआयला, १० रीसेटला, ५ व्होल्ट आणि ग्राउंड आपापल्या जागी. अर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅंग्विनोचा बोर्ड, प्रोसेसर १२८४पी, १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामर "अर्डुइनो ॲज आयएसपी", आणि बर्न बूटलोडर.

इथे बरेच लोक एकाच एररवर अडकतात: चिपची सिग्नेचर (ओळख-क्रमांक) जुळत नाही. आलेली सिग्नेचर सगळी शून्य असेल तर वायर चुकलीय, बहुधा हेडर उलटा धरलाय. एक नंबरची पिन शोधा. १ई ९७ ०५ ही १२८४पीची खरी सिग्नेचर आहे, ती दिसली की जोडणी बरोबर. बूटलोडर घालताना चिप पूर्ण पुसली जाते. म्हणजे या टप्प्यानंतर स्क्रीन कोरी दिसणार, घाबरायचं कारण नाही. पण मधेच सोडून उठू नका, कारण आता यंत्र निव्वळ लोखंड आहे.

पुढे मार्लिन. व्हीएस कोड आणि प्लॅटफॉर्मआयओ (कोड बघायची आणि बिल्ड करायची साधनं) लावा, मार्लिनचा सोर्स घ्या, आणि त्याच आवृत्तीच्या कॉन्फिगरेशनच्या संग्रहातून क्रिॲलिटी, एंडर-३, क्रिॲलिटीव्ही१ या फोल्डरमधल्या फाइली उचलून त्यात टाका. "त्याच आवृत्तीच्या" हे महत्त्वाचं. सोर्स एका आवृत्तीचा आणि फाइली दुसरीच्या, असं झालं की कंपाइल होताना पहिल्याच मिनिटाला एरर येते. बिल्डसाठी मेल्झी-ऑप्टीबूट हे एन्व्हायर्नमेंट निवडा. बूटलोडर ऑप्टीबूट नसेल तर बॉडरेट (संवादाचा वेग) जुळत नाही आणि अपलोडच्या वेळी प्रोग्रामर उत्तर देत नाही असं दिसतं. मग साधं मेल्झी निवडून बघा.

खरी कसरत जागेची. १,३१,०७२ बाइटपैकी १,०२४ बूटलोडरला गेल्या की उरतात १,३०,०४८. नव्या मार्लिनची सगळी बटणं चालू केली तर ती यात मावत नाहीत. काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवताना फर्मवेअरचं मोल पहिल्यांदा बाइटमध्ये मोजून कळतं. आर्क सपोर्ट (वक्र रेषेचे हुकूम समजणं) काढला की ३,२०० बाइटच्या वर सुटतात, आणि तुमचा स्लायसर (मॉडेलवरून प्रिंटरसाठी हुकूम बनवणारं सॉफ्टवेअर) आर्क पाठवत नसेल तर फरक शून्य. बूट स्क्रीनचं चित्र काढा. एलसीडीचे मेनू सडपातळ करणारा पर्याय चालू करा. ठेवायचं ते असं: दोन्ही थर्मल प्रोटेक्शन, हॉटएंडचं आणि बेडचं, हातानं करायचं मेश लेव्हलिंग (बेडचा उंचसखलपणा मोजून भरून काढणं), आणि प्रिंट चालू असताना झेड, म्हणजे नोझलची उंची, बारीक हलवायला बेबीस्टेपिंग. बेडचं प्रोटेक्शन जागेसाठी काढणारे लोक असतात. त्यापेक्षा मेश काढा आणि चार कोपरे हातानं लावा.

अपलोड झाल्यावर पहिलं काम म्हणजे एम५०२ (फर्मवेअरचे मूळ आकडे आणायचा हुकूम) आणि मग एम५०० (ते साठवायचा). ईईप्रॉममध्ये जुन्या फर्मवेअरचे आकडे पडलेले असू शकतात. ते नव्यानं वाचले तर मोटर उलटसुलट वागतात आणि लोक बोर्डाला दोष देतात.

मग दोन मापं. पहिलं एक्स्ट्रूडरचं. एंडरचा मूळ आकडा ९३ स्टेप प्रति मिमी. नोझल २०० अंशांना तापवा, एक्स्ट्रूडरच्या तोंडापासून १२० मिमीवर फिलामेंटला खूण करा आणि हळू वेगानं १०० मिमी आत घाला. खूण २० मिमीवर यायला हवी. समजा २६ वर राहिली, म्हणजे गेलं ९४. नवा आकडा ९३ × १०० ÷ ९४, म्हणजे ९८.९४. एम९२ नं तो द्या, एम५०० नं साठवा. एक्स आणि वायच्या ८० ला मात्र हात लावू नका. मोटरच्या २०० स्टेप, प्रत्येकीचे १६ भाग, २० दातांची पुली, २ मिमीचा बेल्ट: ३,२०० भागिले ४० म्हणजे ८०. हा आकडा भूमितीतून आलेला आहे. २० मिमीचा ठोकळा छापून कॅलिपरनं मोजून ८०.४ करणारे लोक बेल्ट नव्हे, प्लास्टिकचं आकुंचन दुरुस्त करत असतात, आणि दुसऱ्या रंगाचं रीळ लावलं की पुन्हा फसतात.

दुसरं माप तापमानाचं. मार्लिनच्या एंडर कॉन्फिगरेशनमध्ये पीआयडीचे, म्हणजे तापमान स्थिर धरणाऱ्या गणिताचे, आकडे २१.७३, १.५४ आणि ७६.५५ असे येतात. ते चालतात, पण तुमच्या हॉटएंडवर सिलिकॉनचा मोजा आहे की नाही, पंखा कुठल्या कोनात आहे, यावर योग्य आकडे बदलतात. पार्ट कूलिंगचा पंखा निम्म्यावर चालू ठेवून एम३०३ ई० एस२०० सी८ द्या. आठ फेऱ्यांनंतर तीन आकडे येतात, ते एम३०१ नं घाला आणि साठवा. तापमान दोन-तीन अंश वरखाली होत असलेल्या यंत्राच्या भिंतीवर आडव्या रेघा दिसतात, त्या यानं बऱ्याच कमी होतात. याला लागणारा खर्च पाच मिनिटं.

हे सगळं पहिल्यांदा करताना एक अख्खी सुट्टी जाते, दुसऱ्यांदा अर्धा तास. "फर्मवेअर फुकट आहे" या वाक्यातली ती सुट्टी कोणी मोजत नाही.

नंतरच्या यंत्रांत ३२ बिटचा ४.२.२ किंवा ४.२.७ बोर्ड येतो, चिप बहुधा एसटीएम३२एफ१०३, फ्लॅश ५१२ केबी. इथे वरची सगळी कसरत संपते. कंपाइल झालेली बिन फाइल फॅट३२ केलेल्या लहान एसडी कार्डवर टाका, कार्ड घाला, चालू करा, पंधरा सेकंद थांबा. झालं. अडचण एकच आणि ती सगळ्यांना येते: फाइलचं नाव मागच्या वेळेसारखंच असेल तर बूटलोडर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. दरवेळी नाव बदला. काही ४.२.२ बोर्डांवर २५६ केबीची चिप असते, तेव्हा चिपवरची अक्षरं वाचूनच बिल्ड करा. आणि एसडी कार्डच्या खोबणीवर मार्करनं लिहिलेलं एक अक्षर असतं, तो ड्रायव्हरचा कोड: सी म्हणजे एचआर४९८८, ई म्हणजे ए४९८८, ए म्हणजे टीएमसी२२०८, बी म्हणजे टीएमसी२२०९, एच म्हणजे टीएमसी२२२५. सी किंवा ई असेल तर मोटरचा तो चिरपरिचित किरकिर आवाज राहणार, बाकीच्यांत तो जातो.

पण या शांत ड्रायव्हरांमध्येही एक खोच आहे, आणि फर्मवेअरला किंमत कुठे येते ते तिच्यात नेमकं दिसतं. टीएमसी ड्रायव्हरशी प्रोसेसर सिरियल ओळीवरून बोलू शकतो: किती करंट घे, कुठल्या पद्धतीनं चाल, गरम झालास का. क्रिॲलिटीच्या या बोर्डांवर ती ओळ वापरलेली नाही, ड्रायव्हर स्वतंत्रपणे चालतो. म्हणून करंट बदलायचा तर बारीक स्क्रूड्रायव्हरनं पॉट (बोर्डावरचा करंट ठरवणारा बारका स्क्रू) फिरवा, मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. लिनियर ॲडव्हान्स (नोझलमधला प्लास्टिकचा दाब वेगानुसार जुळवणारी सोय) चालू केलं की टीएमसी२२०८ वर एक्स्ट्रूडर मधेच मुका होतो, आणि कारण कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही. बिगट्रीटेकचा एसकेआर मिनी ई३ हा याच डब्यात बसणारा बोर्ड. त्यावर टीएमसी२२०९ पर्यंत सिरियल ओळ नेलेली आहे. तिथे तेच मार्लिन करंट मिलिअँपिअरमध्ये ठरवतं आणि ड्रायव्हरची तक्रार वाचून दाखवतं. ती ओळ ओढायला बोर्ड बनवणाऱ्याला जवळजवळ काही खर्च येत नाही. न ओढल्यामुळे फर्मवेअरमध्ये आधीपासून लिहून ठेवलेलं कितीतरी काम वाया जातं. जुना ८ बिट बोर्ड जळला असेल तर क्रिॲलिटीचाच नवा घेण्याऐवजी हा घ्या.

८ बिट बोर्ड चालू असेल तर मात्र निव्वळ वेगासाठी बदलू नका. जुनं मार्लिन सेकंदाला १०,००० स्टेपच्या पुढे गेलं की एका फेरीत दोन-दोन स्टेप टाकतं आणि चाल जरा खडबडीत होते. ८० स्टेप प्रति मिमीनं तो उंबरठा येतो १२५ मिमी प्रति सेकंदाला. हे यंत्र मुळात ५०-६० वर चांगलं छापतं. तिथे प्रोसेसर आड येत नाही, हलणारा बेड आड येतो.

लाइट जाण्याचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. पुण्यात गुरुवार, बाकी ठिकाणी ज्याचा त्याचा वार. "लाइट गेल्यावर प्रिंट पुढे चालू" हे एंडरच्या खोक्यावरचं मोठं आकर्षण. पण लाइट जातेय हे ओळखणारं सर्किट बोर्डावर नाही. फर्मवेअर फक्त अधूनमधून एसडी कार्डवर आपली जागा लिहून ठेवतं. लाइट गेली की नोझल तापलेलीच पार्टवर टेकून राहते आणि तिथे फोड येतो. बेड थंड झाला की, विशेषतः काचेवर, पार्ट स्वतःहून सुटतो. अर्ध्या तासानं लाइट आल्यावर यंत्र मोठ्या विश्वासानं हवेत छापायला लागतं. दोन मिनिटांच्या झटक्यापुरती सोय ठीक आहे. घरच्या इन्व्हर्टरवर बेडसकट प्रिंटर चालत असेल तर एम४१३ एस० नं ती बंदच करा, कार्डावरची घासही वाचते. ८ बिट बोर्डावर तर ती आधीच काढून जागा मोकळी करावी.

क्लिपर या दुसऱ्या फर्मवेअरबद्दल विचारणारे असतातच. गतीचं सगळं गणित रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर, बोर्डानं फक्त सांगितलेल्या क्षणी स्टेप टाकायच्या, अशी त्याची रचना, त्यामुळे ते जुन्या १२८४पीवरही छान चालतं. तापमानाची तपासणी त्यात प्रत्येक हीटरला आपोआप लागते, कोणी ओळ उघडायला विसरण्याचा प्रश्नच नाही. ही गोष्ट मला त्याच्या वेगापेक्षा जास्त आवडते. पण पाय विकत आणावा लागणार असेल तर त्याची किंमत जुन्या एंडरच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते. घरात पडून असेल तरच.

कंपनीच्या बाजूनं एक जमेची नोंद. तिनं २०१८ मध्येच एंडर ३ चे आराखडे आणि सोर्स गिटहबवर उघडे केले. जीपीएलनुसार सोर्स देणं बंधनकारकच आहे, तरी कितीतरी उत्पादक देत नाहीत. कुठली पिन कुठल्या मॉस्फेटला जाते हे माहीत नसतं, तर वरचं काहीच करता आलं नसतं आणि पहिल्या बिघाडाला हे यंत्र भंगारात गेलं असतं.

घ्यायला जाताना लॅपटॉप, बोर्डाला बसेल ती यूएसबी केबल (जुन्या बोर्डाला मिनी, ४.२.x ला मायक्रो) आणि प्रॉन्टरफेस हे फुकटचं सॉफ्टवेअर सोबत न्या. जोडून एम११५ द्या. फर्मवेअरचं नाव आणि आवृत्ती उत्तरात येते. १.० ची मालिका दिसली तर संरक्षण नाही असंच धरून चाला, ८ बिट बोर्डावर २ ची असेल तर कुणीतरी आधीच सुट्टी घालवली आहे. एम५०३ (चालू सेटिंग्ज दाखवायचा हुकूम) द्या, ई, म्हणजे एक्स्ट्रूडरचा आकडा, ९३ वरून हललेला असेल तर मालकानं यंत्राकडे लक्ष दिलेलं आहे, नेमका ९३ असेल तर एक्स्ट्रूडर कधी मोजलेला नाही. विकणारा तयार असेल तर हीटरची वायर सोडवून दोन मिनिटांची तपासणी तिथेच करा. तयार नसेल किंवा यंत्र नापास झालं, तर ८ बिट बोर्डाच्या यंत्राला एका ऊनोचे आणि स्वतःच्या एका दिवसाचे पैसे वजा करून भाव सांगा. ३२ बिटचा बोर्ड असेल तर त्यासाठी भाव पाडायची गरज नाही, घरी जाऊन कार्डवर एक फाइल टाकायची आहे. वेगळ्या नावानं.